दुसरा सॉकेट

मराठीत एकाच विषयावर अगदी उलट बोलणाऱ्या दोन म्हणी आहेत. एक म्हणते, ‘गाव करी ते राव न करी’. दुसरी म्हणते, ‘बारभाईंची खेती, प्रभू लागेना हाती’. पहिली ऐकली की वाटतं, चार साधी माणसं एकत्र आली तर राजालाही मागे टाकतील. दुसरी ऐकली की वाटतं, बाराजणांनी मिळून हातात घेतलेलं काम बुडालंच म्हणून समजा. गंमत म्हणजे दोन्ही खऱ्या आहेत. कुठली कधी खरी ठरते, एवढाच काय तो प्रश्न.

संगणकवाल्यांचं गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं एक मोठं भांडण नेमकं हेच आहे. एक जबरदस्त प्रोसेसर बरा, की दोन (किंवा दोनशे) साधे? त्या भांडणाचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे. दिल्ली, पुणे, तैवान असा फिरत फिरत तो आमच्या उमेळ्यात येतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: उमेळे म्हणजे वसई तालुक्यातलं, नायगाव स्टेशनपासून जवळचं गाव. (नातेवाईक मंडळींनी हे वाक्य सोडून दिलं तरी चालेल.) संगणकाच्या कुठल्याही इतिहासात उमेळ्याचं नाव सापडणार नाही, ते मी इथे घुसडणार आहे. पण त्याला कारण आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, मोदकांचं आहे. गणपतीला मोदक करायचे आहेत. सारण कढईत ढवळायचं काम एकाच बाईचं, तिथे चार जणी चार झारे घेऊन उभ्या राहिल्या तरी सारण लवकर होत नाही. वळायचं काम मात्र वाटून घेता येतं. आता समजा सगळ्याला मिळून दहा तास लागतात आणि त्यातला एक तास सारणाचा. दोघी बसल्या तर सारणाचा एक तास तसाच, आणि वळण्याचे नऊ तास अर्ध्यावर, म्हणजे साडेचार. एकूण साडेपाच. दहाचे पाच झाले नाहीत, साडेपाच झाले. आणि समजा सारणालाच पाच तास लागत असतील, तर दोघींनी साडेसात तास लागतील, आणि अख्खी आळी वळायला बसवली तरी पाच तासांच्या आत काही मोदक तयार होणार नाहीत.

हाच हिशेब आयबीएममध्ये काम करणाऱ्या जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला, आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अनेक प्रोसेसर जोडण्याच्या कल्पनेवर शंका घेणाऱ्यांना तेव्हापासून एक भक्कम आधार मिळाला. महासंगणकांचे बादशहा सेमूर क्रे यांच्या नावावर तर एक वाक्य नेहमी सांगितलं जातं. नांगरटीला दोन धट्टे बैल घ्याल की एक हजार चोवीस कोंबड्या, असा त्याचा मथितार्थ. शेतकऱ्याच्या पोराला याचं उत्तर विचारायची गरज नाही. पण ज्याला बैल विकतच मिळत नाही त्याने काय करावं, हे त्या वाक्यात नाही.

आणि १९८० च्या दशकात भारताची स्थिती नेमकी तशी होती.

१९८५ मध्ये राजीव गांधी अमेरिकेला गेले. त्यानंतर दोन्ही देशांत महासंगणकाची बोलणी सुरू झाली. हवामानाचा, विशेषतः मान्सूनचा अंदाज गणिताने काढायचा तर मोठं यंत्र हवं होतं. भारताला क्रे कंपनीचा एक्स-एमपी २४ हवा होता. आता या आकड्यातली गोम पाहा. क्रेच्या त्या नामकरणात पहिला आकडा प्रोसेसरांची संख्या सांगतो आणि दुसरा स्मृतीचा आकार. म्हणजे २४ हे दोन प्रोसेसरचं यंत्र. अमेरिकेला धास्ती होती की असं यंत्र अणुबॉम्बच्या आणि क्षेपणास्त्रांच्या आकडेमोडीला वापरलं जाईल. बऱ्याच घासाघिशीनंतर १९८७ मध्ये परवानगी मिळाली ती एक्स-एमपी १४ ला. म्हणजे त्याच मालिकेतलं, पण एकाच प्रोसेसरचं यंत्र. तेही फक्त हवामानासाठी, कडक अटींवर. १९८७ हेच आपल्याकडे भीषण दुष्काळाचं वर्ष होतं, हेही लक्षात ठेवा. दिल्लीत १९८८ मध्ये मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं आणि तो क्रे तिथे बसला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ‘२’ आणि ‘१’ कडे बराच वेळ बघत राहिलो. दोन देशांची सरकारं, इतकी वर्षं, इतक्या बैठका, आणि शेवटी प्रश्न काय, तर दुसरा प्रोसेसर द्यायचा की नाही.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, ते या पार्श्वभूमीवर. सूत्रं होती अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांकडे. मुदत तीन वर्षं, पैसे तीस कोटी रुपये. रक्कम मोठी वाटते, पण यात संस्था उभी करायची, माणसं जमवायची, यंत्र बनवायचं आणि ते चालवणारं सॉफ्टवेअरही लिहायचं, असं सगळं होतं. (आपल्यापैकी डीटीपीवाल्यांना सी-डॅक म्हटलं की आयएसएम आणि ‘सुरेख’, ‘योगेश’ हे फॉण्टच आठवतात. तेच हे सी-डॅक. मराठी अक्षरं पडद्यावर आणण्याचं काम आणि महासंगणक, दोन्ही एकाच छताखाली.)

क्रेसारखी अतिवेगवान चिप बनवणं इथे शक्य नव्हतं. मग यांनी कोंबड्यांचा रस्ता धरला. ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ नावाची चिप तेव्हा बाजारात मिळत होती. एकट्याने तिची ताकद क्रेच्या पुढे नगण्य. पण तिच्यात एक सोय जन्मजात होती. शेजारच्या चार भावंडांशी बोलण्यासाठी तिला चार जोडण्या होत्या. अशा ट्रान्सप्युटरांची जाळी विणून ‘परम ८०००’ तयार झाला. १९९० मध्ये त्याचा नमुना झ्युरिचच्या प्रदर्शनात दाखवला गेला आणि १९९१ मध्ये ६४ नोडचं यंत्र तयार होऊन गेलं. ‘परम’ हे नाव आपल्याला संस्कृत वाटतं, आहेही, पण ते ‘पॅरलल मशीन’चं लघुरूपही आहे. त्याच सुमारास मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ हा समांतर संगणक बनवला, आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत तर १९८६ पासूनच ‘फ्लोसॉल्व्हर’चं काम सुरू होतं. एक प्रोसेसर हवा तेवढा मोठा मिळत नाही म्हटल्यावर सगळीकडे एकच युक्ती सुचली होती.

युक्ती सुचणं सोपं होतं, असं मात्र समजू नका. चिपा विकत आणता येतात, पण काम वाटून देण्याची अक्कल विकत मिळत नाही. हवामानाचा हिशेब चौसष्ट तुकड्यांत कापायचा, प्रत्येकाला त्याचा तुकडा द्यायचा, शेजाऱ्याच्या तुकड्याची कड कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही म्हणून त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं, आणि एक जण रेंगाळला म्हणून बाकीचे त्रेसष्ट रिकामे बसणार नाहीत हे बघायचं. हे सगळं माणसांनी बसून लिहिलं. ‘बारभाईंची खेती’ होऊ न देण्याचं खरं काम तेच. परमच्या गोष्टीत अमेरिकेने नकार दिला आणि आपण जिद्दीने करून दाखवलं, एवढंच नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण मला त्यातला न दिसणारा, कंटाळवाणा, वाटपाचा भाग जास्त मोठा वाटतो.

असो. आता पुण्याहून आपल्या घरातल्या टेबलावर येऊ.

महासंगणकांच्या जगात जे १९८० च्या दशकात झालं, ते आपल्यासारख्यांच्या डब्यात १९९० च्या दशकात झालं. फक्त इथे परवान्याच्या जागी पैसा होता. इंटेलने १९९४ मध्ये एका बोर्डावर अनेक प्रोसेसर बसवण्यासाठीचे नियम ठरवून दिले. त्यामुळे पेंटियमचे दोन-दोन प्रोसेसरवाले मदरबोर्ड निघू लागले. पण ते होते बँकांच्या सर्व्हरसाठी, अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओंसाठी. बोर्ड महाग, त्यावर बसणारे प्रोसेसर महाग, आणि एकाच्या जागी दोन घ्यायचे. मध्यमवर्गीय माणसाने विचारही करू नये असं प्रकरण.

मग १९९८ मध्ये इंटेलने स्वस्तातला सेलेरॉन काढला. पहिला सेलेरॉन अगदीच रडका होता, कारण त्यात दुसऱ्या पातळीची कॅशच (म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी जलद स्मृती) नव्हती. लोकांनी नावं ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारलेला ‘३००ए’ आला. त्यात १२८ केबी कॅश होती, थोडीशीच, पण प्रोसेसरच्याच तुकड्यावर आणि त्याच्याच पूर्ण वेगाने धावणारी. हा गरिबाचा प्रोसेसर महागड्या पेंटियम २ च्या तोंडात मारेल असा निघाला. जगभरच्या हौशी मंडळींनी त्याला तीनशेऐवजी साडेचारशे मेगाहर्ट्झवर पळवायला सुरुवात केली, ते तर प्रसिद्धच आहे.

पण खरी मजा पुढे आहे. दोन सेलेरॉन एका बोर्डावर चालणार नाहीत, ती सोय पेंटियमवाल्यांसाठी, असं इंटेलचं म्हणणं. हौशी लोकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की चिपमध्ये ती क्षमता आहेच, फक्त एक जोडणी बाहेर आणलेली नाही. मग काय, बारीक ड्रिल आणि सोल्डरची तार घेऊन ती जोडणी करणारे वीर निघाले! १९९९ मध्ये सेलेरॉन लांबट कार्डाऐवजी चौकोनी ‘सॉकेट ३७०’ मध्ये बसणारा आला, आणि त्याच वर्षी तैवानच्या अ‍ॅबिट कंपनीने ‘बीपी ६’ नावाचा मदरबोर्ड काढला. त्यावर दोन सॉकेट. ती राहिलेली जोडणी बोर्डावरच करून दिलेली. ड्रिल नको, तार नको. बाजारातून दोन साधे सेलेरॉन आणा आणि बसवा.

सर्वसामान्य माणसाला परवडेल असा दोन प्रोसेसरचा संगणक तो हा. त्याच्या भोवती लिनक्सवाल्यांची एक पिढीच वाढली. कारण विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. त्यासाठी विंडोज एनटी, २००० साली आलेलं विंडोज २०००, किंवा लिनक्स लागे. लिनक्समध्ये दोन प्रोसेसरची सोय १९९६ च्या २.० आवृत्तीपासून होती, पण तिथे गाभ्याला एकच मोठं कुलूप होतं. एक प्रोसेसर आत शिरला की दुसरा दाराबाहेर उभा. पुढची अनेक वर्षं लोक ते एक मोठं कुलूप फोडून लहान लहान कुलपं करत बसले. शेवटचा अवशेष निघाला तो २०११ मध्ये. पुन्हा तेच, हार्डवेअर स्वस्त झालं तरी वाटपाचं काम पंधरा वर्षं पुरलं.

आता उमेळे.

माझा मावसभाऊ (नाव घेत नाही, घरच्यांना कळेलच. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो) लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. वसईत या धंद्याला दोन हंगाम. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की सुरू. ख्रिस्ती मंडळींची लग्नं नाताळच्या आधीचा आगमनकाळ आणि ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सोडून. आणि मे महिना सगळ्यांचा. २००१ च्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या गडगडाटात विजेचा दाब खालीवर झाला आणि त्याच्या असेंबल्ड संगणकाचा मदरबोर्ड गेला. मे महिन्यातल्या लग्नांच्या टेप कपाटात, पैसे निम्मे घेतलेले, आणि लोक व्हीसीडी कधी देता म्हणून विचारायला दारात. कॅमेरा हप्त्यांवर होता. दुकानदाराने हात वर केले. गॅरंटी संपली, नवीनच घ्या म्हणाला.

नवीन घ्यायचं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पेंटियम ४ तेव्हा नुकता आला होता. त्याला बोर्ड वेगळा, रॅम वेगळी (आणि तेव्हा भलतीच महाग), वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएससुद्धा वेगळा. म्हणजे जुन्यातलं फक्त हार्डडिस्क, मॉनिटर आणि कीबोर्ड एवढंच उरणार. दादाकडे धड असलेल्या वस्तू अशा: सेलेरॉन ४००, एसडी रॅमच्या दोन पट्ट्या, हार्डडिस्क, कॅमेऱ्याला जोडायचं फायरवायर कार्ड. एका बोर्डापायी हे सगळं टाकून द्यायचं, हे त्याला पटेना. आमच्याकडे मोडलेल्या छत्रीची काडीसुद्धा कोणी टाकत नाही.

मग आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पत्ता लिहिण्यापुरतं. फास्ट लोकलने मुंबई सेंट्रल आणि तिथून चालत. दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या फेरीत एका माडीवरच्या गाळ्यात बीपी ६ दिसला. डॉट कॉमचा फुगा फुटून बंद पडलेल्या एका ऑफिसातलं सामान होतं ते. बोर्डावर एक सेलेरॉन ४०० बसलेलाच होता, आणि शेजारचा सॉकेट रिकामा. दादाने खिशातून रुमालात गुंडाळलेला आपला प्रोसेसर काढला आणि त्या रिकाम्या सॉकेटवर धरून बघितला. दुकानदार हसला. सौदा झाला. रॅम तीच, एसएमपीएस तोच (थोडा दमवत होता, पण चालला), कॅबिनेट तेच. नवीन खर्च फक्त बोर्डाचा, त्यावरच्या एका प्रोसेसरचा आणि दोन पंख्यांचा.

वेग वाढवण्याच्या भानगडीत दादा पडला नाही. सेलेरॉन ३६६ ला साडेपाचशेवर नेणारे बरेच होते, पण ४०० वाल्याला त्याच युक्तीने थेट सहाशेवर उडी मारावी लागे आणि ती सहसा जमत नसे. शिवाय वसईची हवा. मिठागरांच्या खाऱ्या दमट वाऱ्याने रॅमच्या पट्टीचे सोनेरी दातसुद्धा काळवंडतात, महिन्या दोन महिन्यांनी काढून खोडरबराने घासावे लागतात. अशा ठिकाणी यंत्राने आहे त्या वेगाने, पण रात्रभर चालावं, हेच त्याला हवं होतं.

विंडोज २००० टाकलं. टास्क मॅनेजरमध्ये एकाच्या जागी दोन हिरवे आलेख दिसले, तेव्हा मावशीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ‘दोन चुली आहेत म्हणजे.’ इतकी चांगली व्याख्या मी पुढे पुस्तकातही वाचली नाही.

परिणाम कसा? वर मोदकांचा हिशेब सांगितला तो उगीच नाही. एका तासाच्या लग्नाची व्हीसीडीसाठीची फाईल बनवायला एका सेलेरॉनला नऊ-दहा तास लागायचे. एन्कोडरचं सॉफ्टवेअर दोन्ही प्रोसेसर वापरणारं होतं, त्यामुळे तेच काम साडेपाच-सहा तासांवर आलं. अ‍ॅमडाल साहेब अगदी बरोबर. उलट, टेप कॅमेऱ्यातून संगणकात उतरवायला लागणारा वेळ एका मिनिटानेही कमी झाला नाही, कारण तासाची टेप तासभरच चालणार. तरी त्या चार तासांची किंमत मोठी होती. रात्री जेवून काम लावलं तर पहाटे पाण्याची मोटर सुरू व्हायच्या आत फाईल तयार. मध्येच वीज गेली तर एन्कोडिंग पुन्हा पहिल्यापासून, आणि दहा तास सलग वीज राहण्यापेक्षा सहा तास राहण्याची शक्यता पावसाळ्यात केव्हाही जास्त. जुलै संपायच्या आत मे महिन्याची सगळी लग्नं घरोघर पोचली. कॅमेऱ्याचा एकही हप्ता चुकला नाही.

२००४ मध्ये तो बोर्ड आचके देऊ लागला. उघडून बघितलं तर प्रोसेसरजवळच्या काही कपॅसिटरची डोकी फुगलेली. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या बोर्डांना हा रोग होता. कपॅसिटरमधल्या द्रावणात दोष होता, आत वायू साठे आणि टोपण फुगून फुटे. चोरलेल्या अर्धवट सूत्रावरून हे द्रावण बनवलं गेलं, अशा बातम्या २००३ च्या सुमारास छापून आल्या होत्या. ते खरं असो नसो, वसईतल्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी भिंगाखाली बघून, जुने कपॅसिटर काढून, थोडे जास्त क्षमतेचे नवीन बसवून दिले. संगणकातलं मला काही कळत नाही म्हणाले, पण कपॅसिटर कळतो! बोर्ड पुढे आणखी दोन वर्षं चालला.

तोपर्यंत जगात उलथापालथ झाली होती. नंतरच्या स्वस्त सेलेरॉनमध्ये इंटेलने ती सोय खरोखरच बंद केली होती. एएमडीनेही दोन-दोन बसवण्याची अधिकृत सोय ‘अ‍ॅथलॉन एमपी’ या महाग चिपपुरती ठेवली. (साध्या अ‍ॅथलॉन एक्सपीवरची तुटलेली जोडणी वीजवाहक रंगाच्या ठिपक्याने जोडून त्याचा ‘एमपी’ करणारे तिथेही निघालेच.) मोठ्या कंपन्यांचा सगळा भर होता वेगावर. दोन हजार, तीन हजार मेगाहर्ट्झ... पेंटियम ४ पुढे दहा हजारांवर जाईल अशी भाषा होती. गेला नाही. वेग वाढवला की वीज आणि उष्णता इतकी वाढू लागली की पंखे पुरेनात. मे २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ चा पुढचा वारस रद्द केला, ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर रद्द केला, आणि मे २००५ मध्ये एकाच चिपमध्ये दोन प्रोसेसर असलेला ‘पेंटियम डी’ बाजारात आणला. त्याच महिन्यात एएमडीचा ‘अ‍ॅथलॉन ६४ एक्स २’ आला. म्हणजे आमच्या दादाने जे चार वर्षं आधी नाइलाजाने केलं, तेच जगातल्या सगळ्यात श्रीमंत चिप कंपनीला शेवटी नाइलाजानेच करावं लागलं. बैलाची जात आणखी मोठी होईना, मग दुसरा बैल जुंपला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातला टाटांचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला. त्यात १४,२४० कोअर होते. आतली मांडणी काय? प्रत्येक पाटीवर दोन सॉकेट, प्रत्येक सॉकेटात चार कोअरचा बाजारात मिळणारा झिऑन. सप्टेंबर २०२४ मध्ये नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी, तसंच दिल्ली आणि कोलकात्यासाठी ‘परम रुद्र’ महासंगणकांचं लोकार्पण झालं. त्यांच्यातल्या ‘रुद्र’ सर्व्हरचा आराखडा सी-डॅकचा स्वतःचा आहे, आणि त्याच्याही बोर्डावर सॉकेट दोनच. १९८७ मध्ये जो दुसरा प्रोसेसर मागून मिळाला नव्हता, त्याच्यासाठीची जागा आता आपण स्वतः आखतो.

मग गाव जिंकलं आणि राव हरला, असं म्हणायचं का? मला वाटतं तसं म्हणू नये. दोन चुली मांडल्या म्हणून स्वयंपाक अर्ध्या वेळात होत नाही. कुठलं काम वाटता येतं आणि कुठलं येत नाही हे ओळखणारं कोणीतरी लागतं. ते पुण्यात होते, लिनक्सच्या कुलपांवर वर्षानुवर्षं बसलेले होते, आणि दादाचं एन्कोडर लिहिणारेही कुणीतरी होतेच. त्यांच्याशिवाय तो दुसरा सेलेरॉन म्हणजे रात्रभर जागून वीज खाणारा पाहुणा झाला असता.

एक गोष्ट मात्र खटकते. आज अनेक साध्या मोबाइलमध्येही आठ कोअर असतात, बीपी ६ ने तोंडात बोट घालावं इतके. पण एकही काढता येत नाही आणि एकही घालता येत नाही. अनेक लॅपटॉपांत रॅमसुद्धा बोर्डाला चिकटवलेली. एक भाग गेला की सगळंच टाकायचं.

आमच्या गावात अजूनही बऱ्याच घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया तशाच वर आलेल्या दिसतात. बाहेरच्या माणसाला ते काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. तसं नसतं ते. आता तळमजला, पोरगा कमावता झाला की वरचा मजला, असा तो हिशेब असतो. सळयांना गंज लागू नये म्हणून कुणी सिमेंटचं पाणी लावतं, कुणी वर प्लॅस्टिकचे डबे उपडे घालतं. बीपी ६ वरचा तो दुसरा, रिकामा सॉकेट मला त्या सळयांच्या जातीचा वाटतो. आज एक घ्या, जमेल तेव्हा दुसरा. ज्यांच्याकडे एकदम सगळं घ्यायला पैसे नसतात, त्यांच्यासाठी ठेवलेली जागा.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा जुना बोर्ड पडला असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा कपॅसिटर बघा. टीव्ही दुरुस्त करणारे काका अजून आहेत.